दोन दारांची खिडकी

भिंतीतल्या त्या छोट्या खिडकीला दोन दारं होती. एक आतल्या खोलीत उघडायचं, दुसरं बाहेरच्या व्हरांड्यात; आणि दोन्ही एकाच वेळी कधीच उघडायची नाहीत. कुलपाची घडणच तशी होती. आतलं दार उघडं असलं की बाहेरचं हलायला तयार नसे, बाहेरचं उघडं असलं की आतलं. कारण आतली हवा गाळलेली होती आणि बाहेरची साऱ्या जगाची. दोघींची गाठ पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

गाळलेल्या हवेत ती बसायची. काचेच्या बाटल्यांत ऑर्किडची रोपं वाढवणं हे तिचं काम. धुळीसारखं बारीक बी, बाटलीच्या तळाशी साखर घातलेला लिबलिबीत आहार, वर घट्ट झाकण, आणि बारा महिने तेरा काळ तोच उजेड, तेच तापमान. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातांत मोजे घालून ती चिमट्याने एकेक इवलं रोप या बाटलीतून त्या बाटलीत हलवायची. इतर मुलींच्या काही बाटल्यांना बुरशी लागायचीच. तिच्या बाटलीला कधीच नाही. म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं शून्य.

"शून्यताई, तुमच्या हाताला बुरशीसुद्धा घाबरते हो!"

ती हसून वेळ मारून न्यायची. खरं तर उलटं होतं. बुरशीलाच ती घाबरायची. बुरशीला, धुळीला, फुलांतल्या परागांना, वाऱ्याला. सात वर्षांची असताना शाळेच्या सहलीत एका गवताळ माळावर तिला दमा उसळला होता. बाई तिला हातांवर उचलून रस्त्यापर्यंत धावल्या, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. त्यानंतर आईने घरातल्या खिडक्यांच्या फटींत फेल्टच्या जाड कापडी पट्ट्या चिकटवल्या आणि मुलीला तळहातावरच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. मुलगी मोठी झाली, दमा मागे पडत गेला; पट्ट्या मात्र दरवर्षी नव्या यायच्या. "फुप्फुसं उत्तम आहेत. पंप जवळ ठेवा आणि मजेत जगा," असं डॉक्टर गेल्या वर्षीच म्हणाले होते. आईने त्यातलं 'पंप जवळ ठेवा' तेवढं ऐकलं.

आणि लेकीनेही... खरं सांगायचं तर तेवढंच.

बाहेरच्या बाजूने रोपं घेऊन जाणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. पाहिला होता तो त्याचा हात. आतल्या दाराला काच होती. रोपांचा ट्रे ठेवून तिने दार लावलं की थोड्या वेळाने पलीकडून तो हात यायचा. कोळशाने काळवंडलेली नखं, मनगटात एक रबरबँड. ट्रे उचलायचा आणि जाता जाता काचेवर दोनदा टकटक करायचा. मिळाला, अशा अर्थाने. एकदा काय मनात आलं कोण जाणे, तिनेही आतून एकदा टिचकी मारली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दोन टकटक, एक टिचकी.

मग एके दिवशी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. कुलपाला काय झालं देव जाणे. तिने दार उघडलं, आणि समोर पलीकडचं दारही उघडंच होतं.

चौकटीत एक चेहरा होता. केसांत झाडाच्या सालीचा भुगा, भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "तुम्हाला डोळे आहेत!"

"दार लावा!"

"मला वाटायचं, आत नुसता हातमोजाच राहतो."

"आधी दार लावा! हवा येतेय!"

"हवाच आहे हो," तो हसला. "वाघ नाही."

तिने आपल्या बाजूचं दार धाडकन लावलं आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. छातीत नुसती धडधड. आता श्वास अडकेल... आता... पण श्वास चालूच राहिला. नाकात फक्त एक अनोळखी वास रेंगाळत होता, ओल्या लाकडाचा आणि कोळशाचा.

काचेवर दोनदा टकटक झाली. तिने उत्तर दिलं नाही. मग बऱ्याच वेळाने, पलीकडे कुणी नसेल अशी खात्री करून, हळूच एक टिचकी मारली.

"ऐकू आली," पलीकडून आवाज आला.

त्या दिवशी समोर उघड्या असलेल्या सगळ्या बाटल्या तिने टाकून दिल्या. बुरशी एकीलाही लागलेली नव्हती.

॰

पुढच्याच आठवड्यात तो तक्रार घेऊन आला. संस्थेच्या मोठ्या मॅडमच्या टेबलावर त्याने एक माना टाकलेली रोपांची जुडी ठेवली. तिलाही तिथे बोलावणं आलं होतं. मास्कशिवाय तिला तो पहिल्यांदाच पाहत होता. जरा जास्तच वेळ पाहत होता.

"यांची रोपं फार लाडावलेली आहेत, मॅडम. माझ्या शेडमध्ये आली की तीन दिवसांत झोपतात."

तिला राग आला. "माझ्याकडे एकही रोप मरत नाही."

"तुमच्याकडे कुठून मरेल? तुमच्याकडे काही होतच नाही."

मोठ्या मॅडमना भांडणं आवडत नसत, पण ऐकायला आवडत. त्यांनी चष्मा पुसत पूर्ण ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "तू रोज जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जा. तुझ्या रोपांचं पुढे काय होतं ते बघ."

शेड म्हणजे मागच्या मैदानापलीकडची हिरव्या जाळीची लांबलचक सावली. बाटलीतून काढलेली रोपं तिथे कोळसा आणि सालीच्या भुग्यात बाहेरच्या जगाची सवय करून घ्यायची. त्या माणसाला सगळे सावलीवाला म्हणत ते त्यावरूनच. मधलं मैदान काही फार मोठं नव्हतं. पण ते तिने आजवर काचेतूनच पाहिलं होतं. घरून संस्थेची गाडी तिला दारातून उचलायची आणि संध्याकाळी दारात सोडायची, काचा वर करून.

पहिल्या दिवशी ती पायरीवर थबकली. गवत वाऱ्याने एका बाजूला झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं. तिने पर्समधला पंप चाचपला. नाकावर ओढणी धरली आणि जीव मुठीत घेऊन चालू लागली. शेडच्या दाराशी पोहोचेपर्यंत ती जवळजवळ धावत होती.

"कुणी मागे लागलंय का?" सावलीवाल्याने विचारलं.

"नाही."

"मग पाणी प्या. आणि श्वास सोडा. केव्हाचा धरून ठेवलाय."

तिने श्वास सोडला. आत धुकं होतं. वरच्या नळ्यांतून पाण्याचा तुषार फुसफुसत खाली येत होता आणि हिरव्या उजेडात तरंगत राहत होता. तिच्या पापण्यांवर थेंब बसले. तिने ते पुसले नाहीत.

"बाटलीतल्या पानाला मेण नसतं," ती म्हणाली. गप्प राहिलं तर भीती जिंकेल असं वाटून ती बोलत होती. "आत कायमची ओल असते ना. त्यामुळे पानावरची रंध्रं कधी मिटायलाच शिकत नाहीत. बाहेर आलं की सगळं पाणी उडून जातं."

"हे तुम्हाला माहीत आहे?"

"पुस्तकात आहे."

"मला तर दोन वर्षं रोपं मारल्यावर कळलं. पुस्तक वाचायला हवं होतं." त्याने एक ट्रे तिच्यापुढे सरकवला. वर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण होतं. "ही तुमची. मी हात लावणार नाही. रोज झाकण थोडं जास्त उघडायचं. पहिल्या दिवशी बोटभर, मग दोन बोटं. शेवटी काढूनच टाकायचं. बास, एवढंच काम."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर कुणाला जमत नाही."

मग ती रोज जाऊ लागली. मैदान रोज तेवढंच रुंद होतं आणि भीतीही रोज तेवढीच होती. पण पलीकडे धुकं होतं, आणि धुक्यात तो होता. तो रोपांशी बोलायचा. एखादं मलूल दिसलं तर, "काय बाईसाहेब, आज तब्येत?" असं विचारायचा. तिने एकदा म्हटलं, "रोपांना कान नसतात," तर तो गंभीरपणे म्हणाला, "मग तुम्ही ऐका. मी कुणाशी तरी बोलतोय ना."

तिचे कान लाल झाले. तुषारातही.

"यांना फुलं कधी येतात?" तिने एका दुपारी विचारलं. "मी एवढी रोपं वाढवली, पण फूल एकदाही बघितलं नाही. माझ्याकडून त्याआधीच जातात."

"माझ्याकडूनही. फुलायला वर्षं लागतात. तोवर ती कुठल्या कुठे गेलेली असतात."

"म्हणजे तुम्हीही नाही बघितलं?"

"चित्रात बघितलंय." तो हसला, आणि मग हसू थोडं ओसरलं. "आपण दोघं म्हणजे... पाहुण्यांना वाटेला लावणारे. घर कुठे, माहीत नाही."

॰

महिना संपत आला तेव्हा मोठ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. दूरच्या डोंगरात संस्था नवं केंद्र काढत होती. तिथल्या जंगलातली ऑर्किड लोकांनी ओरबाडून संपवली होती; ती पुन्हा झाडांच्या खोडांवर बांधून जगवायची होती. "बाटलीपासून फुलापर्यंत सगळं एकाच माणसाने बघायचं," मॅडम म्हणाल्या. "मला तू हवी आहेस. राहायला खोली आहे, खाली गावात दवाखाना आहे. गाडी पुढच्या सोमवारी निघेल. विचार करून सांग. पण माझ्याकडे बघून नाही, स्वतःकडे बघून."

बाटलीपासून फुलापर्यंत. हे शब्द तिच्या कानांत दिवसभर वाजत राहिले. आणि त्यांच्याच तालावर छातीत भीतीही वाजत राहिली. उघडा डोंगर. रात्रंदिवस वारा. खोलीत एकटी. रात्री श्वास अडकला तर...?

घरी तिने सांगितलं तेव्हा आई भांडी विसळत होती. नळ तसाच सोडून ती वळली.

"डोंगरावर? तू? अगं, उशी झटकली तरी शिंकतेस तू!"

"डॉक्टर म्हणाले ना, आई—"

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला? निळे पडलेले ओठ त्यांनी नाही बघितले, मी बघितलेत. अहो, तुम्ही बोला ना काहीतरी! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

बाबा वर्तमानपत्रामागे होते. ते बहुतेक वेळ वर्तमानपत्रामागेच असत. "हवा कशी आहे तिथली?" त्यांनी विचारलं.

"भरपूर आहे," ती म्हणाली.

कागदामागून हसल्यासारखा आवाज आला. आईने तिकडे असं पाहिलं की तो लगेच थांबला.

ओल्या हातानेच आईने मुलीचा चेहरा धरला. "पिल्लू, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? इथे काय कमी आहे तुला?"

काहीच कमी नव्हतं. हेच तर कठीण होतं. झोपताना तिने ठरवलं, नाही म्हणून सांगायचं. आणि ठरवल्याबरोबर अंगातून असं काही सैल झालं की तिला रडूच आलं. सुटल्याचं होतं की हरल्याचं, हे तिला कळलं नाही.

॰

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये शिरली तेव्हा सावलीवाला तिच्या ट्रेपुढे उभा होता. आज तो रोपांशी बोलत नव्हता.

तिने वाकून पाहिलं. झाकणाला आतून थेंबांचा पडदा धरला होता. खाली रोपांच्या गाभ्यात तपकिरी ओल उतरली होती आणि तिच्यावर पांढरी, कापसासारखी... तिने आयुष्यभर टाळलेली ती वस्तू. बुरशी. सबंध ट्रेभर.

"झाकण किती उघडत होतात?" त्याने विचारलं.

"रोज... तुम्ही सांगितलं तसं."

"खरं सांगा."

तिने झाकणावरचे थेंब बोटाने पुसले.

"उघडायचे," ती शेवटी म्हणाली. "पण तुम्ही पलीकडे गेलात की पुन्हा लावायचे. एक दिवस वारा होता. एक दिवस ऊन जास्त वाटलं. एक दिवस... काहीच नव्हतं. नुसती भीती वाटली. मला वाटलं, आजच्या दिवस राहू दे. उद्या उघडू."

"रोज?"

"रोज."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एक रोप चिमटीत उचललं, तिच्या तळव्यावर ठेवलं. ते हाताला पाण्यासारखं लागलं. मुळं नव्हतीच जणू.

"वाऱ्याने मेली असती तर दोन-चार मेली असती," तो हळू आवाजात म्हणाला. "ही सगळी गेली."

तिच्या हातून मेलेली ही पहिली रोपं. आणि ती तिने मारली होती मायेने. तळव्यावरच्या त्या मऊ, कुजक्या जिवाकडे बघताना तिला एकदम घरातल्या खिडक्या आठवल्या, आणि पाठीतून सरसरून काटा आला. वाऱ्याची भीती तिला नेहमीची ओळखीची होती. ही भीती नवी होती. झाकणाची.

त्या संध्याकाळी संस्थेची गाडी बंद पडली. दुसरी येईपर्यंत थांबा, असं सगळे म्हणत होते. "मी चालत जाते," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने दचकली.

"मीही त्याच बाजूला राहतो," सावलीवाला म्हणाला. "तुमच्या दोन गल्ल्या अलीकडे. सोबत आलो तर चालेल?"

"चाला. पण बोलत राहा. रोपांशी बोलता तसं."

"काय बाईसाहेब," तो लगेच म्हणाला, "आज तब्येत?"

ती हसली. रस्ता तिने काचेतून हजारदा पाहिला होता. पण काचेतून त्याला आवाज नव्हता, वास नव्हता. तळणाचा धूर, लाकूड कापणाऱ्या यंत्राची किरकिर, कुणीतरी धुतलेल्या पायरीचा गारवा. कोपऱ्यावर एक घर पाडत होते. वारा आला, आणि विटांच्या धुळीचा एक लोट सरळ त्यांच्यावर.

छाती आवळली. या वेळी खरोखरच. श्वास आत गेला तो बारीक शीळ घालत गेला आणि बाहेर यायला तयार होईना. तिने भिंत धरली. माळ, गवत, निळे ओठ... सगळं एका क्षणात परत आलं. सावलीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय करू? कुणाला बोलावू? अहो... अगं, सांग ना!"

तिने मान हलवली. पर्स उघडली. पंप काढला, हलवला, ओठांत धरला. एक झुरका. थांबायचं. दुसरा. तिने डोळे मिटून घेतले. शीळ हळूहळू विरत गेली. हवा आत आली, पुरती, तळापर्यंत. धुळीची, धुराची, साऱ्या जगाची हवा.

डोळे उघडले तेव्हा तो अजून भिंतीसारखा उभा होता, तिच्या आणि धुळीच्या मध्ये. त्याने स्वतःचाच श्वास धरून ठेवला होता.

"श्वास सोडा," ती म्हणाली. "केव्हाचा धरलाय."

॰

आई दारातच उभी होती. चालत आलेली मुलगी, धुळीने माखलेले केस आणि शेजारी एक परका तरुण. कशावर आधी ओरडावं हे तिला सुचेना.

"दम लागला होता," मुलीनेच सांगून टाकलं. "पंप घेतला. थांबला."

"थांबला?"

"थांबला, आई. मीच थांबवला."

आई तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिची नजर सावलीवाल्याकडे वळली आणि तिथे जरा स्थिरावली. कुठे राहता, घरी कोण असतं, नोकरी कायमची आहे का, असं सगळं तिने दारातच विचारून घेतलं. तो गेल्यावर दार लावता लावता म्हणाली, "दोनच गल्ल्या, म्हणजे हाकेच्या अंतरावर. शेडही इथलीच." आणि मग, अगदी सहज सुचल्यासारखं, "लग्न करायचं असेल तर असा बघावा. डोळ्यांसमोर राहशील."

तिला आईचा राग आला नाही. तिला भीती वाटली. कारण आई बोलली ते तिच्याच मनातलं होतं. तो, ते धुकं, जवळचं घर. आयुष्यभर कुणीतरी भिंतीसारखं उभं. किती सोपं. किती ऊबदार.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने मोठ्या मॅडमना जाऊन आपलं उत्तर सांगितलं. मग मैदान ओलांडलं आणि शेडमध्ये त्याला डोंगराबद्दल सांगितलं. इतके दिवस तिने ते लपवून ठेवलं होतं.

तो पाण्याची नळी गुंडाळत होता. थांबला.

"आणि तुम्ही काय सांगितलंत मॅडमना?"

"येते म्हणून."

तो मनगटातला रबरबँड ताणत राहिला, सोडत राहिला.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. अहो-जाहो कालच धुळीत कुठेतरी पडून गेलं होतं. "म्हणजे... मला म्हणायचंय... त्या दिवशी दोन्ही दारं उघडली ना, तेव्हापासून मी रोज कुलूप बघतो, पुन्हा बिघडलंय का म्हणून. मला तू आवडतेस. फार. आणि काल तू भिंत धरलीस तेव्हा मी इतका घाबरलो की... तिथे कोण असेल तुझ्याजवळ? इथे राहा. मी आहे ना. तुला काही होऊ देणार नाही."

हे ऐकायला ती किती दिवस मैदान ओलांडत होती! अंगभर एक गोड शिरशिरी उठली. आणि तिच्या मागोमाग, पावलावर पाऊल ठेवून, तीच नवी भीती.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "तुझा चेहरा बघायच्या आधीपासून. दोनदा टकटक ऐकू आली नाही तर माझा दिवस जायचा नाही."

"मग?"

"मग सांग, तुझ्या शेडमधलं सगळ्यात लाडकं रोप... तू ठेवून घेतोस?"

त्याची नजर शेडच्या कोपऱ्याकडे गेली.

"नाही ना? एकही नाही ठेवलंस आजवर?"

"एक ठेवलं होतं," तो म्हणाला. "कोपऱ्यात. रोज पाणी घालायचो. जगलं, पण वाढलं नाही." त्याने नळी खाली ठेवली. "मला भीती वाटते गं."

"मलाही," ती म्हणाली. "रात्रभर झोपले नाही. आत्ता पाय थरथरतायत, बघ."

त्याने खरंच बघितलं. मग दोघंही हसले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याने आपला काळवंडलेला हात पुढे केला. तिने तो धरला. काचेशिवाय, मोज्याशिवाय, पहिल्यांदाच. तो तिला वाटला होता त्याहून खरखरीत होता, आणि गरम.

॰

सोमवारी सकाळी ती बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली तेव्हा बाबा खुर्चीवर चढून खिडकीशी काहीतरी करत होते. हातात चाकू होता. फेल्टची पट्टी लांब सालीसारखी सोलून खाली लोंबत होती.

"अहो, हे काय चालवलंय?" आईचा आवाज चढला.

"जुनी झाली होती," बाबा म्हणाले.

"मग नवी लावा!"

"बघू." त्यांनी खिडकी ढकलली. ती अडकली, करकरली आणि उघडली. पडदा फुगून आईच्या अंगावर आला. आईने तो दोन्ही हातांनी धरला, आणि धरूनच उभी राहिली. "दोन पंप घेतलेस ना?" तिने पडद्याआडून विचारलं.

"तीन घेतले, आई."

"पोचल्यावर फोन कर. आणि... श्वास लागला तर आधी पंप, मग फोन." आईच्या तोंडून असं पहिल्यांदाच येत होतं. नेहमी फोनच आधी असायचा.

संस्थेच्या आवारात सावलीवाला टेम्पोत ट्रे चढवत होता. प्रत्येक ट्रे त्याने दोरीने बांधला, हलवून बघितला, पुन्हा बांधला. बांधून संपलं तरी बांधतच राहिला.

"सुटायचे नाहीत," ती म्हणाली.

"नाही सुटायचे." त्याने मनगटातला रबरबँड काढून तिच्या मनगटात चढवला. "झाकणं..."

"रोज थोडी जास्त. आणि पुन्हा लावायची नाहीत."

"वारा असला तरी?"

"वारा असला तरी."

चालकाने इंजिन सुरू केलं. ती पुढच्या सीटवर चढून बसली, दार लावलं. काच वर होती. तो काचेपलीकडे उभा होता, तसाच, केसांत सालीचा भुगा घेऊन. त्याने काचेवर दोनदा टकटक केली.

तिने टिचकी मारायला बोट उचललं आणि थांबली. मग काच खाली केली, पूर्ण.

"पुढच्या खेपेला ट्रे घेऊन मी येऊ?" त्याने विचारलं.

"ये ना."

"खरंच येऊ?"

"ये. पण न्यायला येऊ नकोस," ती म्हणाली. "भेटायला ये."

त्याने मान डोलावली. हसला. गाडी हलली तसा तो चार पावलं सोबत चालला आणि मग थांबला.

गाव मागे पडलं. रस्ता चढू लागला आणि दोन्ही बाजूंना उंच वाळकं गवत लागलं. तसंच, त्या सहलीतल्यासारखं. वाऱ्याने ते एका बाजूला झोपत होतं आणि उठत होतं. तिचा हात आपोआप पर्सकडे गेला आणि पंपावर जाऊन विसावला.

"काच वर घेऊ का, ताई?" चालकाने विचारलं. "वारा फार आहे."

गवताचा वास आत आला. तिने श्वास आत घेतला, भीत भीत, थोडा थोडा, मग आणखी थोडा.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."